अस्मानीच्या सहीखाली

नागपूरच्या जरीपटक्यातील आमच्या आळीत संध्याकाळच्या चहाला येणारे एक निवृत्त कार्यकारी अभियंता आहेत. सारी हयात बांधकामात घालवलेले, हिशेबाला चोख आणि बोलण्यात सावध असे हे गृहस्थ एरवी कोणत्याही विषयावर मत देण्यापूर्वी दोनदा विचार करतात. पण १६ जुलै २०२२ रोजी कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला त्याचा विषय निघाला, की त्यांचा निकाल तयार असतो. "अहो मास्तर, आभाळच फाटलं तं माणूस काय करून राहिला?" एवढे म्हणून ते बशीतला चहा संपवतात आणि प्रकरण दफ्तरदाखल झाल्यासारखे स्वस्थ बसतात. त्यांच्याशी माझा स्नेह जुना आहे आणि त्यांच्या सचोटीबद्दल मला यत्किंचितही संशय नाही. तथापि हे वाक्य त्यांनी स्वतः घडवलेले नसून जगातल्या प्रत्येक फुटलेल्या बंधाऱ्याच्या काठावर कोणी ना कोणी ते उच्चारलेले आहे, आणि म्हणूनच त्याचा परामर्श चहाच्या कपापुरता न ठेवता सविस्तर घ्यावा असे मला वाटते.

आपल्या मुलखातील जमाबंदीच्या जुन्या कागदांत 'अस्मानी-सुलतानी' असा एक जोडशब्द वारंवार येतो. अवर्षण, गारपीट, टोळधाड ही अस्मानी. फौजेने पिके तुडवली, हाकिमाने जुलूम केला, ही सुलतानी. दोन्ही प्रसंगी रयतेला साऱ्यात सूट मागता येत असे, कारण दोन्ही प्रसंगी तिचे घर सारखेच बुडे. परंतु अस्मानीत जाब विचारण्यास समोर इसम नसतो आणि सुलतानीत तो असतो, हा भेद अक्षरशत्रू कुणब्यालाही कळत होता. आज फरक पडला आहे तो इतकाच, की पूर्वी अस्मानीची कैफियत रयत मांडी आणि हाकीम ती तपासून पाही. आता ती हाकीमच मांडतो आणि रयतेने ती मुकाट्याने मान्य करावी अशी अपेक्षा असते.

आता बंधारा म्हणजे काय ते पाहू, कारण आमच्या स्नेह्यांचा सारा युक्तिवाद तो न पाहण्यावर उभा आहे. आमच्या गच्चीवरून उत्तरेला, हवा स्वच्छ असली म्हणजे, कोराडीची धुरांडी दिसतात. भारतीय कोळशात शेकडा पस्तीस-चाळीस भाग राखच असते. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ढोबळ मानाने दहा हजार टन कोळसा खातो आणि साडेतीन-चार हजार टन राख टाकतो, आणि कोराडीत असे तीन संच आहेत. यांतली काही कोरडी राख सिमेंटच्या आणि विटांच्या कारखान्यांत जाते. उरलेली पाण्यात कालवून नळांतून बंधाऱ्याकडे पाठवली जाते. तेथे राख खाली बसावी, वरचे निवळ पाणी विहिरीसारख्या उभ्या मनोऱ्यातून काढून घ्यावे, आणि बसलेली राख तेथेच राहावी, अशी योजना असते. खाणीतही हेच घडते. खनिज दळून धातू काढून घेतला की उरलेला बारीक ओला गाळ, ज्याला खाणवाले टेलिंग्ज म्हणतात, तो अशाच बंधाऱ्यामागे साठवतात. आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीला असा बंधारा आहे. एकीकडे भट्टीचे उच्छिष्ट, दुसरीकडे गिरणीचे. अडवणारी भिंत आणि तिची दुखणी मात्र एकाच कुळातली.

पाण्याचे धरण एकदा बांधले की बांधून होते. त्याची उंची, त्याचा सांडवा, त्याचे आयुष्य ही सर्व आधी कागदावर ठरतात आणि मग त्यात पाणी येते. गाळाचा बंधारा कधीच बांधून होत नाही. आधी मातीची एक बेताची भिंत घालतात; ती भरत आली की तिच्यावर दुसरी, मग तिसरी, असा तो वर्षानुवर्षे उंचावत जातो. ही उंची वाढवण्याचा सर्वांत स्वस्त, आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय, मार्ग असा, की नवी भिंत जुन्या भिंतीच्या आतल्या अंगाला, बसलेल्या गाळावरच उभी करायची. ज्या मालाला अडवायचे त्याच मालाच्या छातीवर पाय देऊन उभ्या असलेल्या या भिंतीचे सारे भवितव्य एका गोष्टीवर ठरते: पायाखालचा गाळ निथरलेला आहे की पाण्याने तुडुंब भिजलेला आहे. साचलेले पाणी भिंतीपासून दूर राखणे, काठ आणि पाणी यांत पुरेसे मोकळे अंतर ठेवणे, पायथ्याचे झिरपे तुंबू न देणे, भिंतीत पाण्याची पातळी किती चढली हे नळ्या घालून रोज मोजणे, एवढीच कामे. त्यांत भव्य असे काही नाही, त्यांचे उद्घाटन होत नाही, आणि ज्या मालातून एक पैसाही यायचा नाही त्या मालाच्या राखणीवर खर्च करायला कोणत्याही जमाखर्चाचे मन धजत नाही.

पाऊस आला, असे आमचे स्नेही म्हणतात. आला, आणि पुष्कळ आला, हे मी बिनशर्त कबूल करतो. परंतु नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो आणि जुलै हा त्यातला सर्वांत ओला महिना असतो, ही गोष्ट १६ जुलैच्या सकाळी प्रथमच उघडकीस आली काय? पाऊस हा बंधाऱ्याच्या हिशेबातला जुना धनको आहे. तो दरसाल वसुलीला येतो, एखाद्या साली व्याजासह मागतो, आणि त्याची तजवीज करून ठेवणे यालाच बंधाऱ्याची अभियांत्रिकी म्हणतात. ज्याची तारीख माहीत नाही पण येणे नक्की आहे, त्याला आकस्मिक म्हणणे ही भाषेची फसवणूक होय.

शिवाय पावसाचाच सर्व दोष असेल, तर पाऊस नसताना बंधारे का फुटतात, याचा खुलासा झाला पाहिजे. सिंगरौलीच्या पट्ट्यात सासन येथील वीजकेंद्राचा राखेचा बंधारा १० एप्रिल २०२० रोजी फुटला आणि त्या लोंढ्यात सहा जणांचे प्राण गेले. ते चैत्राचे दिवस होते. टाळेबंदीमुळे माणसे घरात होती आणि आभाळ कोरडे होते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ च्या रात्री राखेच्या बंधाऱ्याची भिंत सरकली आणि सुमारे ४१ लाख घनमीटर चिखल नदीत आणि घरांत शिरला. तो उपसण्याचा खर्च शंभर कोटी डॉलरांच्या वर गेला. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो गावाजवळचा लोहखाणीचा बंधारा २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी जेवणाच्या वेळेस, लख्ख उन्हात कोसळला. त्या बंधाऱ्यात नवा गाळ टाकणे २०१६ सालीच थांबले होते. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. ८६ मीटर उंचीची ती भिंत काही सेकंदांत पोटातून द्रवरूप झाली आणि खाली असलेल्या कंपनीच्याच उपाहारगृहात जेवत बसलेल्यांसह २७० माणसे तिने गिळली.

भिंत द्रवरूप झाली, हे शब्द वाचकाला काव्यात्म अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. आमच्या स्नेह्यांनाही तसेच वाटले. म्हणून मी एका संध्याकाळी विटांच्या कारखान्याच्या ढिगातून आणलेली मूठ-दोन मूठ राख त्यांच्यासमोर लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घातली, तिच्यात पाणी ओतले, राख खाली बसू दिली आणि वर तरंगणारे पाणी अलगद काढून टाकले. खाली राहिली ती करड्या रंगाची, दिसायला घट्ट, पिठल्यासारखी थर धरलेली राख. तिच्यावर मी दहाचे नाणे ठेवले. नाणे थांबले, आम्ही चहा घेतला, तोवरही ते जागचे हलले नाही. मग मी बोटाच्या पेराने टेबलावर पाच-सहा टिचक्या मारल्या. राखेच्या पृष्ठावर आधी एक ओली चकाकी आली, तिला कंप सुटला, आणि नाणे तिरपे होऊन, कोणी आतून ओढून घ्यावे तसे दिसेनासे झाले. कणाकणांत अडकलेले पाणी एकदम भार उचलते आणि कण एकमेकांचा हात सोडतात. घन पदार्थ घन राहात नाही. स्नेह्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि अभियंत्याला शोभेल असा आक्षेप घेतला: "पण मास्तर, टेबल तुम्ही ठोकलं ना!" मी दुसऱ्या बरणीत तीच राख, जेमतेम ओलसर, चमच्याच्या बुडाने दाबून दाबून भरली, तिच्यावर नाणे ठेवले आणि टेबल त्यांच्याच स्वाधीन केले. त्यांनी ठोकले, मूठ आपटली, कपबशा वाजल्या, स्वयंपाकघरातून विचारणा झाली. नाणे होते तेथेच राहिले. टिचकी दोन्हीकडे सारखीच होती, आणि जगात टिचक्यांना तोटा नाही: कधी पाऊस, कधी जवळून गेलेला जड ट्रक, कधी नुसते वाढलेले वजन. बरणीत राख कशी भरली गेली, हे मात्र भरणाऱ्याच्या हाती होते.

दैवाकडे बोट दाखवण्याची ही रीत किती जुनी आणि किती निर्लज्ज आहे, याचे प्रमाण अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सापडते. तेथील बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळशाच्या कचऱ्याने घातलेला बंधारा २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी फुटला. १२५ माणसे मेली, सुमारे चार हजार बेघर झाली. मालक पिट्स्टन कंपनीने या घटनेला ईश्वराची करणी असे नाव दिले. वास्तविक ईश्वराने त्या खोऱ्यात ना कोळसा धुतला होता, ना नाल्यात कचऱ्याचे ढीग रचून तळे केले होते. याच बंधाऱ्याची सरकारी निरीक्षकाने दुर्घटनेच्या केवळ चार दिवस आधी पाहणी केली होती आणि स्थिती समाधानकारक असल्याचा शेरा मारला होता.

येथे दुसऱ्या युक्तिवादाकडे वळणे भाग आहे, तो म्हणजे दाखल्याचा. बंधाऱ्याची तपासणी झाली होती, कागद पुरे होते, मग दोष कोणाचा? ब्रुमाजिन्योच्या भिंतीलाही ती कोसळण्याच्या चार महिने आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, एका नामांकित जर्मन संस्थेच्या ब्राझीलमधील शाखेने स्थैर्याचा दाखला दिला होता. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच मेहनताना घेणारा तपासनीस निराळे काय लिहील, हा प्रश्न मी क्षणभर बाजूला ठेवतो. कारण प्रामाणिक तपासनीसाचाही दाखला हा त्या दिवसापुरता असतो, आणि गाळाचा बंधारा रोज नवा असतो. काल ज्याची पाहणी झाली त्यावर आज चार हजार टन भर पडलेली असते. वर्षाला एकदा मिळालेला दाखला भिंतीवर टांगून ठेवणे म्हणजे गेल्या गुढीपाडव्याला वाचलेल्या पंचांगावर यंदाचा मुहूर्त काढणे होय.

आणि कागद खरोखरच वाचले जातात असेही नाही. वेल्समधील ॲबरफान गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी शाळा नुकती भरत असता, डोंगरावरील कोळशाच्या कचऱ्याचा ढीग खाली घसरला आणि १४४ जण गाडले गेले; त्यांत ११६ मुले होती. तो ढीग बंधारा नव्हता हे खरे, पण त्याच्याही पोटात तोच ओला बारीक गाळ होता. तेथील राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स यांनी सांगितले, की ढिगाखाली अज्ञात नैसर्गिक झरे होते. झरे अज्ञात कोणाला? गावातल्या पोरांना ते ठाऊक होते, नकाशावर ते दाखवलेले होते, आणि शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या या गाळापासून धोका आहे अशी पत्रे स्थानिक अभियंत्याने तीन वर्षांपूर्वीच मंडळाच्या दफ्तरात नेऊन घातली होती. चौकशी न्यायाधिकरणाने मंडळालाच जबाबदार धरले. पुढे उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चापैकी दीड लाख पौंड मृतांच्या कुटुंबांसाठी जमलेल्या मदतनिधीतून घेण्यात आले, आणि ते परत करायला १९९७ साल उजाडले, तेही व्याजाशिवाय. सुलतानी याहून निराळी असते काय?

आमच्या स्नेह्यांचा यावर जबाब असा, की ही सारी खाणींची उदाहरणे झाली; वीजकेंद्राची राख हे वेगळे प्रकरण आहे. या 'वेगळे प्रकरण' शब्दांत आपल्या प्रशासनाचे संपूर्ण मर्म साठलेले आहे. भारतीय खाण ब्यूरो १९४८ साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या इंदिरा भवनात, जरीपटक्यापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहे. मँगनीजच्या मॉयलचे मुख्यालय येथे, वेस्टर्न कोलफील्ड्सचे येथे, पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून येथे. खाणीचा आणि तिच्या उच्छिष्टाचा विचार करणारी इतकी माणसे देशातल्या दुसऱ्या कोणत्या गावात एकत्र राहात असतील की नाही, याची मला शंका आहे. खाणीचे टेलिंग्ज खास तयार केलेल्या जागीच साठवावेत आणि ते वाहून जाऊ देऊ नयेत, असे ब्यूरोच्या अंमलाखालील नियम सांगतात. परंतु कोळसा त्या ब्यूरोच्या हद्दीबाहेर, आणि कोळशाची राख तर हद्दीच्याही हद्दीबाहेर. २०२१ चा धरण सुरक्षा अधिनियम झाला तेव्हा मला आशा वाटली होती. पण त्यातली धरणाची व्याख्या नदी वा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी वा वळवण्यासाठी घातलेला बांध अशी आहे. राखेचा बंधारा पाणी अडवण्यासाठी घातलेला नसतो, राख अडवण्यासाठी असतो. सबब तो उंच असो, भरलेला असो, खाली गावे असोत, त्या व्याख्येत बसत नाही. लोक त्याला 'राखेचा तलाव' म्हणतात, कचेरीत त्याला 'ॲश पॉण्ड' म्हणतात. ज्या शहराला फुटाळा आणि अंबाझरी ठाऊक आहेत त्या शहरात तलाव या शब्दाला एक संध्याकाळचा गारवा आहे. डोक्यावर टांगलेल्या चिखलाला तो शब्द बहाल करणाऱ्याच्या मखलाशीला मी दाद देतो.

पाणी मात्र हद्दी वाचत नाही. खसाळ्याचा बंधारा फुटला तेव्हा करडा लोंढा खसाळा-म्हसाळा परिसरातील शेतांत आणि नाल्यांत उतरला. या भागातले नाले आणि कोलार नदी अखेर कन्हानला जाऊन मिळतात, आणि कन्हानच्या पाण्यावर नागपूरच्या मोठ्या भागाची तहान भागते. राख म्हणजे मातीच, तिने काय बिघडते, असेही कोणी म्हणतात. त्यांनी एकदा राख वाळलेल्या शेतात उतरून पाहावे. वरून सिमेंटसारखा तडकलेला पापुद्रा दिसतो. पाऊल टाकले की तो मोडतो आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो, आणि त्याखाली कुठेतरी सोयाबीन असते. आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश हा रसायनज्ञांचा विषय झाला. बैलाला आणि नांगराला तो प्रश्न विचारावा लागत नाही.

शेवटचा युक्तिवाद सर्वांत आधुनिक आहे आणि म्हणून सर्वांत मोहक. राखेचा शंभर टक्के वापर आता कायद्याने सक्तीचा झाला आहे, तेव्हा बंधाऱ्यांचा प्रश्नच उरणार नाही, असे सांगतात. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ साली निघाली. तेव्हापासून मुदतीवर मुदत पडत गेली, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने जुन्या साठलेल्या राखेसाठी आणखी दहा वर्षे दिली. मी त्या अधिसूचनेचे स्वागतच करतो. परंतु जी राख आज विकली जाते ती आजची कोरडी राख. चार दशकांपूर्वीची, पाण्यात मुरलेली, भिंतीच्या पायाखाली दडपलेली राख उचलायला कोणता ठेकेदार धावतो? ब्रुमाजिन्योचा बंधारा सेवानिवृत्त होता, हे मघाशी सांगितलेच. अशा बंधाऱ्याला पेन्शन लागते, म्हणजे पहारा, निचरा, मोजणी. आणि ती त्याला मालक कंपनी बंद पडल्यावरही, संच मोडीत निघाल्यावरही, अनेक पिढ्या द्यावी लागते.

तुमच्या घरात पंखा फिरतो की नाही, असा टोलाही मला मारण्यात आला. फिरतो. त्याचे बिल मी भरतो, आणि त्या बिलात राखेची राखण समाविष्ट असावी एवढीच माझी मागणी आहे; दोन पैसे जास्त घ्या, पण ती म्हसाळ्याच्या शेतकऱ्याकडून पिकाच्या रूपाने वसूल करू नका.

परवा हे सर्व ऐकून घेतल्यावर आमचे स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "बरं, मग पंचनाम्यात लिहायचं काय होतं?" मी म्हटले, फुटण्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी काठापासून किती हात खाली होते, आणि भिंतीतल्या नळ्यांत ते कुठवर चढले होते, हे दोन आकडे लिहायचे.

"ते तं रोज रजिस्टरात भरतेतच."

"रजिस्टर कुठे असते?"

"ऑफिसात."

"आणि बंधाऱ्याखालच्या गावच्या सरपंचाला ते वाचायला मिळते?"

त्यांनी कप बशीत ठेवला, आणि दुसऱ्या बरणीतले नाणे नखाने उकरून काढून, धोतराच्या टोकाला पुसून, माझ्या हातावर ठेवले. पहिल्या बरणीतले अजून आतच आहे.